पोरांच्या दप्तरातली कार्डं : खेळ कुठे, जुगार कुठे

 

गेले काही महिने बैठकांमध्ये बचत आणि हप्त्यांच्या मधेच एक वेगळा प्रश्न येतोय. पोरं दप्तरात कार्डं घेऊन फिरतात. कशावर आग ओकणारा ड्रॅगन, कशावर पिवळा उंदरासारखा प्राणी, कोपऱ्यात आकडे. दुकानातून पाकीट आणतात, फोडतात, आपसांत बदलाबदली करतात, मधल्या सुट्टीत खेळतात. प्रश्न एकच असतो, "ताई, हे पत्तेच ना? मग जुगारच झाला की."

फुलंब्री तालुक्यातल्या एका गावात एका ताईंनी सातवीतल्या मुलाची सगळी कार्डं चुलीत घातली. त्यांच्या रागाला कारण होतं. मोबाइलवरच्या रमीत त्यांच्या घरातले कापसाचे पैसे गेले होते. ज्या घराने हे भोगलंय, तिथल्या बाईला हातातलं कुठलंही पान सारखंच दिसणार. मुलगा मात्र चार दिवस आईशी बोलला नाही. म्हणून आज हा विषय घेतला. यात खेळ किती, डोकं किती आणि जुगार नेमका कुठे आहे, हे वेगवेगळं करून बघू.

माझ्या नणंदेचा मुलगा छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे. सिडकोत चौघं मित्र खोली करून राहतात आणि रविवारी असाच एक कार्डांचा खेळ खेळतात. मी म्हटलं, मला एक डाव सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायचाय. तो म्हणाला, "मामी, दोन तास लागतील." अडीच लागले. मधे दोनदा चहा झाला.

आधी गावातलं सांगते. आपली पोरं सुट्टीत खेळतात तो मूळ खेळ नाहीच. दोघं एकेक कार्ड टाकतात, ज्याचा आकडा मोठा तो दुसऱ्याचं कार्ड घेतो. आमच्या लहानपणी टीव्हीवरच्या पैलवानांची कार्डं होती. उंची, वजन, क्रमांक बघून असंच खेळायचो. त्यात डावपेच फारसे नसतात. मोठा आकडा असलेला जिंकतो, आणि मोठा आकडा पाकिटातून निघतो. पिवळ्या प्राण्याची कार्डं म्हणजे पोकेमॉन. १९९६ साली जपानमध्ये आलेला तो खेळ खरं तर दोघांचा, प्रत्येकाकडे ६० कार्डं घेऊन खेळायचा. पण त्याचे नियम गावात पोचले नाहीत, कार्डं तेवढी पोचली.

माझा भाचा खेळतो त्याचं नाव मॅजिक : द गॅदरिंग. १९९३ साली अमेरिकेतल्या रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणिताच्या माणसाने तो काढला. अशा प्रकारच्या खेळांत हा पहिला मानतात.

आपल्या पत्त्यांपेक्षा यात वेगळं काय? मेंढीकोट घ्या, पाच-तीन-दोन घ्या. एकच कॅट, पिसायचा, वाटायचा, हातात येईल त्यावर खेळायचं. सावंतवाडीची गंजिफाही तशीच. हाताने रंगवलेली गोल पानं, दशावताराच्या गंजिफेत दहा अवतारांची बारा-बारा मिळून १२० पानं आणि तिघं खेळणारे. राजवाड्यात खेळली गेली तरी कॅट सगळ्यांचा एकच. मॅजिकमध्ये प्रत्येकजण आपला कॅट घरून बांधून आणतो. त्याला पोरं डेक म्हणतात. हजारो कार्डांतून आपली कार्डं निवडायची, कशाला काय जुळतं ते बघायचं, आणि मग समोरच्याच्या डेकशी भिडवायचं. म्हणजे अर्धा डाव बसण्याच्या आधीच झालेला असतो.

चौघं खेळतात त्या प्रकाराला कमांडर म्हणतात. डेक बरोबर शंभर कार्डांचा. त्यातलं एक कार्ड म्हणजे कमांडर, म्हणजे म्होरक्या. तो बाजूला उघडा ठेवायचा. उरलेली नव्व्याण्णव वेगवेगळी हवीत, एकसारखी दोन चालत नाहीत. फक्त साध्या जमिनीच्या कार्डांना ही अट नाही.

हो, जमीन. या खेळाचा पाया जमीनच आहे, म्हणून मला तो पटकन कळला. दर फेरीला एकच जमीन खाली ठेवता येते. जमिनीतून जी ताकद मिळते, ती मोजून बाकीची कार्डं खेळायची. दोन जमिनी असतील तर दोन किमतीचं कार्ड, पाच असतील तर पाचचं. भाच्याच्या डेकमध्ये सदतीस जमिनी होत्या. सुरुवातीला हातात सात कार्डं येतात, त्यात सरासरी दोन-तीन जमिनी निघाव्यात हा त्यामागचा हिशेब. जमिनी जास्त भरल्या तर वावर मोप आणि बियाणं नाही. कमी भरल्या तर बियाणं हातात आणि पेरायला वावर नाही. मला वाटलं होतं, पोरगं चित्रं बघून कार्डं गोळा करतंय. त्याच्या वहीत प्रत्येक कार्डाची किंमत आणि संख्या लिहिलेली होती, आपल्या गटाच्या लेजरसारखी.

प्रत्येकाचे ४० गुण असतात, त्याला ते जीव म्हणतात. शून्य झाला की तो बाहेर. शेवटी उरेल तो जिंकला.

आता त्या रविवारचे चार डेक. पोरांची नावं नको, रंगांवरूनच सांगते, कारण खेळात पाच रंग असतात आणि रंगावरून स्वभाव कळतो.

पहिला लाल. त्याचा म्होरक्या क्रेंको नावाचा गॉब्लिन, म्हणजे बुटका राक्षस समजा. क्रेंकोचं काम असं, की दर फेरीला तुमच्याकडे जितके गॉब्लिन आहेत तितके आणखी येतात. चौथ्या फेरीला तो आला. आल्या फेरीला त्याला काही करता येत नाही. पाचव्या फेरीला तो एकटाच, म्हणून एक नवा आला, झाले दोन. सहाव्या फेरीला चार, सातव्या फेरीला आठ, आठव्या फेरीला सोळा. सावकाराचं व्याज कसं चढतं ते ठाऊक असणाऱ्या बाईला हे वेगळं शिकवायला नको. लाल डेकचा डावपेच सरळ आहे: लवकर मारा, समोरचा सावरायच्या आत संपवा.

दुसरा हिरवा, हा माझा भाचा. पहिल्या चार-पाच फेऱ्या त्याने कुणाला हातही लावला नाही. फक्त वाढवत राहिला. काही ताकद त्याने जमिनीत घातली, डेकमधून जादा जमिनी शोधून खाली ठेवल्या. काही ताकद लहान प्राण्यांत घातली, जे बसल्या जागी जमिनीसारखीच ताकद देतात. लानोवार एल्व्ह्ज हे त्यातलं जुनं नावाजलेलं कार्ड. बाकीच्यांकडे पाच जमिनी तेव्हा त्याच्याकडे आठ. शेवटी डोंगराएवढे प्राणी आणायचे आणि तुडवायचं, हा त्याचा बेत.

तिसरा पांढरा-निळा. हा कुणाला काही होऊ देत नाही. त्याच्याकडे काउंटरस्पेल आहे; तुम्ही कार्ड खेळलात की तो म्हणतो, नाही झालं. रॅथ ऑफ गॉड आहे, चार किमतीचं, ते खेळलं की टेबलावरचे सगळ्यांचे सगळे प्राणी मेले. त्याचे स्वतःचेही. असा खेळाडू हळू चालतो, हात भरलेला ठेवतो, आणि बाकीचे दमल्यावर जिंकतो.

चौथा काळा. तो काय करतोय हे मला तासभर कळलंच नाही. दोन-चार मरतुकडे प्राणी आणि बाकी नुसता डेकमध्ये शोधाशोध. त्याचा सगळा बेत दोन कार्डांवर उभा होता. एक्झ्क्विझिट ब्लड हे एक, त्याचा अर्थ: समोरच्याचे जितके गुण कमी होतील तितके माझे वाढतील. सँग्विन बाँड हे दुसरं, त्याचा अर्थ: माझे जितके गुण वाढतील तितके समोरच्या एकाचे कमी होतील. आता दोन्ही एकत्र ठेवून बघा. तुझा एक गेला म्हणून माझा एक वाढला, माझा वाढला म्हणून तुझा आणखी एक गेला, तुझा गेला म्हणून माझा पुन्हा वाढला. हे चाक एकदा फिरलं की तिघं संपेपर्यंत थांबत नाही. पण शंभरातली ही दोनच कार्डं, एकेकच. ती मिळेपर्यंत टिकायचं आणि कुणाच्या डोळ्यांवर यायचं नाही, एवढंच त्याचं काम.

डाव असा झाला. लालने आपले गॉब्लिन काळ्यावर सोडले, कारण त्याच्यापुढे अडवायला कुणी नव्हतं. काळ्याचे ४० चे २४ झाले. पांढऱ्या-निळ्याच्या हातात सगळं साफ करणारं रॅथ सहाव्या फेरीपासूनच होतं, हे त्याने नंतर सांगितलं. तो थांबला होता. लाल दुसऱ्याला मारतोय तोवर याचं काय जातंय? सोळा गॉब्लिन झाले आणि आता आपल्यावर येतील असं दिसलं तेव्हा त्याने रॅथ टाकलं. सोळाच्या सोळा गेले. क्रेंको परत बाजूला जाऊन बसला. म्होरक्याला पुन्हा आणता येतं, पण दर खेपेला दोन किंमत वाढते. चारचा क्रेंको सहाचा झाला, आणि लालकडे पाचच जमिनी होत्या. हातही रिकामा.

हिरव्याचे लहान प्राणीही त्यात मेले. भाचा वैतागला. पण जमिनीत घातलेलं शाबूत राहिलं, कारण रॅथ जमिनीला हात लावत नाही. मला हे फार आवडलं. ज्याने सगळं एकाच जागी ठेवलं तो लाल आडवा झाला, आणि ज्याने थोडं जमिनीत, थोडं जनावरांत ठेवलं तो अजून उभा होता.

त्याच फेरीत काळ्याने गुपचूप एक्झ्क्विझिट ब्लड खाली ठेवलं, बाजूला एक मरतुकडा प्राणी ठेवला आणि चहाचा कप उचलला. मग हिरव्याने आपला पहिला राक्षस आणला. पांढऱ्या-निळ्याने काउंटरस्पेल काढलं. इथे भाच्याने त्याला विनवलं, "माझा राहू दे. तुझं कार्ड काळ्यासाठी ठेव, त्याचं एक आलंय, दुसरं येईल." त्याने ऐकलं नाही. समोर राक्षस दिसत होता, आणि काळ्याचे गुण सगळ्यांत कमी होते. त्याला कोण भिणार? त्याच्या हातात अडवायचं तेवढं एकच कार्ड होतं, ते राक्षसावर गेलं. पुढच्या फेरीला काळ्याने सँग्विन बाँड ठेवलं, मरतुकड्या प्राण्याने लालला एक गुणाचा फटका मारला, आणि चाक सुरू झालं. दोन मिनिटांत तिघं शून्यावर.

मी विचारलं, मग काळा डेक सगळ्यांत भारी का? चौघंही हसले. दुसरा डाव लावला तेव्हा पहिल्या फेरीपासून तिघांनी काळ्यालाच धरलं. सातव्या फेरीला तो बाहेर. तो डाव हिरव्याने जिंकला. डेक तेच, माणसं तीच, पण गुपित उघडं पडलं होतं.

या खेळातलं खरं डोकं इथे आहे, असं माझं मत झालं. दोघांच्या खेळात हिशेब सोपा असतो. मी एक कार्ड खर्चून तुझं एक मारलं, फिट्टंफाट. चौघांत तसं केलं तर माझं एक गेलं, तुझं एक गेलं, आणि बाकी दोघांचं काहीच गेलं नाही. भांडणारे दोघंही मागे पडतात. म्हणून पांढरा-निळा डेक दोघांत जेवढा भारी, तेवढा चौघांत राहत नाही. तिघांना पुरेल इतकी अडवायची कार्डं कुणाच्याच हातात नसतात. लालचंही तेच. दोघांच्या साध्या खेळात समोरच्याचे २० गुण संपवले की झालं. इथे तिघांचे मिळून १२० संपवायचे आहेत. वेगाने धावणारा तिथपर्यंत पोचेस्तोवर दमतो. आणि जो पुढे गेलेला दिसतो, त्याच्यावर तिघं मिळून येतात. म्हणून थोडं मागे राहणं, कुणाला मारतोय ते बघून मारणं, वेळेला समोरच्याशी बोलून तह करणं, हे सगळं खेळात बसतं. ते नियमांच्या पुस्तकात नसतं, टेबलावर शिकावं लागतं. ग्रामसभेत बसलेल्या बायांना हे कळायला वेळ लागणार नाही.

तर डोकं आहे, पुष्कळ आहे. मग जुगार कुठे?

आपल्या राज्यात जुगारबंदीचा कायदा १८८७ चा आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला तो लागू होत नाही. समोरासमोर बसून खेळायच्या रमीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९६७ सालीच सांगितलं, की ती मुख्यतः कौशल्याची आहे. पण पैसा मधे आला की गोष्ट बदलते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा केला, त्यात पैसे लावून ऑनलाइन खेळायच्या खेळांवर बंदी आली, मग तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. रमीचं नाव ऐकून ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांनी हे लक्षात ठेवावं. खेळात डोकं लागतं, हे पैसे लावण्याचं समर्थन होऊ शकत नाही.

सिडकोतल्या पोरांच्या डावात पैसा नव्हता. हरला त्याने कप विसळले. पण मॅजिकच्या सुरुवातीच्या नियमांत एक कलम होतं, की दोघांनी डेकमधलं एकेक कार्ड पणाला लावायचं आणि जिंकेल त्याने ते कायमचं घ्यायचं. पुढे ते सोडून दिलं गेलं. आपल्या शाळेच्या पटांगणात मात्र तेच चाललंय. हरला की कार्ड गेलं. आठवीतला दणकट पोरगा चौथीतल्या पोराची कार्डं रोज जिंकून नेतो आणि घरी रडारड होते. कार्ड चुलीत घालण्यापेक्षा हा नियम बदलावा, असं मला वाटतं. डाव संपला की ज्याचं कार्ड त्याला परत. गुण वहीत लिहा. शाळेत एका बाईंना सांगितलं तर त्या पोरांना एवढं सांगतील.

दुसरी जागा म्हणजे बंद पाकीट. आत काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. मॅजिकच्या पाकिटात बरीच वर्षं पंधरा कार्डं यायची आणि त्यात दुर्मीळ एकच. ते एक हवं म्हणून पुढचं पाकीट, मग त्यापुढचं. इथे पोराचं डोकं चालत नाही, फक्त हात खिशाकडे जातो. डेक बांधायला डोकं लागतं, पाकीट फोडायला नशीब. दोन्ही गोष्टी एकाच कार्डाभोवती गुंडाळलेल्या असल्यामुळे आपला गोंधळ होतो.

गावातल्या दुकानातलं पाकीट पाच-दहा रुपयांचं असतं. त्यातली सोनेरी चकचकीत कार्डं बहुतेक नकलाच. पण दहा रुपये रोजचे म्हणजे महिन्याचे ३००. आपल्या कित्येक गटांत बाईची महिन्याची बचत शंभर-दोनशे आहे. पोरगं आईच्या बचतीपेक्षा जास्त पाकिटांत घालत असेल तर ते थांबवायलाच हवं, आणि ओरडण्याऐवजी कागदावर मांडून दाखवलं तर त्याला पटकन कळतं. महिन्याची एक रक्कम ठरवून द्या, ती संपली की संपली. शहरातली ही चौघं पोरं पाकिटं घेतच नाहीत. तयार शंभर कार्डांचा डेक मिळतो, त्यात काय आहे ते बाहेर लिहिलेलं असतं. दोघांनी तो वर्गणीतून घेतलाय. हवं असलेलं कार्ड सुटं विकत मिळतं. आणि महागडं कार्ड असेल तर कागदावर छापून साध्या कार्डावर चिकटवतात. मोठ्या स्पर्धेत ते चालत नाही, पण खोलीवरच्या खेळात चौघांची हरकत नसली की झालं.

फुलंब्रीच्या त्या ताईंनाही मी एवढंच सुचवलं, की जळलेली कार्डं परत आणून देऊ नका, पण घरातल्या जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे आणि रंगपेटी त्याच्यापुढे ठेवा. स्वतःची कार्डं बनवताना कुठल्या कार्डाला किती किंमत लावायची हे त्यालाच ठरवावं लागेल.

आणि मुलासोबत बसून बघायचं असेल तर घरातल्या साध्या कॅटमध्ये असाच, नशीब कमी आणि डावपेच जास्त असलेला एक खेळ आहे. नाव गूफस्पील. तिघं लागतात. इस्पिक, किलवर आणि चौकट एकेकाने घ्यायचं, म्हणजे प्रत्येकाच्या हातात तीच तेरा पानं. बदामाची तेरा पिसून मधे पालथी ठेवायची. एक बदाम उघडायचं. एक्क्याचा एक, गुलामाचे अकरा, राणीचे बारा, राजाचे तेरा गुण. ते पान मिळवायला तिघांनी आपलं एकेक पान पालथं टाकायचं आणि एकदम उघडायचं. मोठं पान टाकणाऱ्याला बदाम मिळतं, टाकलेली तिन्ही पानं बाद. मोठी पानं दोघांची सारखी आली तर ते बदाम पुढच्या फेरीत जमा होतं. सगळे गुण मिळून ९१.

सुरुवातीला पोरगं राजाला राजा, राणीला राणी टाकेल. दोघंच खेळत असाल तर त्याच्या प्रत्येक पानावर एकाने वरचं टाका आणि त्याच्या राजावर एक्का सोडून द्या. तेराची एक फेरी त्याची, बाकी बाराच्या बारा तुमच्या: ७८ विरुद्ध १३. पण तिसरी व्यक्ती बसली की ही युक्ती डळमळते, कारण तुम्ही दोघं राणीसाठी झगडत असताना ती आपली मोठी पानं राखून बसलेली असते.

पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीला कॅट मी घेऊन येते. हप्त्यांचं काम आटोपलं की तिघी पुढे या.